कागदावर आडोसा नसतो

सोमवार, ३ फेब्रुवारी

चार वर्षांनी पुन्हा हजेरीच्या वहीत सही केली. हात असा झरझर चालला की टेबलामागची मुलगी बघतच राहिली. निवृत्त बाईनं थरथरत पेन धरायचं असतं, असा तिचा समज असावा. तो मी पहिल्याच दिवशी दूर केला. मन प्रसन्न आहे.

नकाशा कार्यालयात अडतीस वर्षं मी समोच्च रेषा काढल्या. डोंगरावरच्या सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेघ म्हणजे समोच्च रेषा. एकात एक अशा रेघा काढत गेलं की सपाट कागदावर अख्खा डोंगर उभा राहतो आणि त्याच्या पाठीमागची दरीही त्याच वेळी दिसते. तिथे रोज कामाची रोजनिशी लिहावी लागे. सवय सुटली नाही, म्हणून ही वही.

आता ही नोकरी काय? पंधरा दिवसांची आहे. माझी भाची शेअर बाजारात खरेदी-विक्री करणाऱ्या एका कंपनीत ट्रेडर आहे. तिच्या मालकानं थ्रीडी चार्ट तयार करवून घेतलाय. तो ट्रेडर लोकांच्या उपयोगाचा आहे की नाही, हे तपासून मी लिहून द्यायचं आणि खाली सही करायची. एक मोठी संस्था हा चार्ट हजारो ट्रेडरांसाठी विकत घेणार आहे. आकृत्या वाचण्यात मुरलेल्या बाहेरच्या माणसाची सही असल्याशिवाय ती पुढे सरकत नाही. आधी एक परीक्षक होते, ते म्हणे काम अर्धवट टाकून गेले. भाचीनं माझं नाव सुचवलं. मालकाला वाटलं असेल, म्हातारी आहे, चहाबिस्किटांवर सही देईल.

मालक पस्तिशीचा आहे. दर तिसऱ्या वाक्याला क्रांती करतो. मला मॅडम म्हणतो आणि मॅडम म्हणताना घड्याळ बघतो.

चार्टची खोली आठव्या मजल्यावर, मधोमध. खिडकी नाही, कारण उजेडानं चष्म्यातलं चित्र फिकं पडतं. मोठं काळं टेबल, पुढच्या बाजूला पाच खुर्च्या. जाड काळा चष्मा घातला की टेबलावर डोंगररांगा उभ्या राहतात. डावीकडून उजवीकडे भाव. उंची म्हणजे त्या भावाला किती ऑर्डरी लागल्यात ते. आणि पुढून मागे जाणारी खोली म्हणजे वेळ. दर मिनिटाला पुढच्या कडेवर एक नवी ओळ उगवते आणि आधीच्या सगळ्या एक पाऊल मागे सरकतात. टेबलावर तीनशे ओळी मावतात, म्हणजे पाच तास. अगदी मागे गेलेली ओळ कडेवरून नाहीशी होते.

दिसायला सुंदर आहे, हे मान्य करते. दुरून डोंगर साजरेच असतात.

भाचीनं मला चष्मा घालून दिला आणि म्हणाली, मावशी, आता तरी टोमणा मार बघू. मी म्हटलं, टिचके, पंधरा दिवस आहेत, घाई काय आहे.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

टिचकी हे मी ठेवलेलं नाव. बहीण गेली तेव्हा ही सोळा वर्षांची होती, काडीसारखी, पण बोलणं असं की टिचकी मारल्यासारखं लागायचं. अकरा वर्षं आम्ही दोघी एकत्र राहतोय. मी तिला दोनच गोष्टी शिकवल्या, शिसपेन्सिलीला टोक करायला आणि ताठ बसायला. दुसरी मी स्वतः कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे भूमितीच्या सिस्टर पाठीच्या कण्याशी लाकडी पट्टी लावून बघायच्या. पट्टी आणि पाठ यांच्यात बोट शिरलं तर तीच पट्टी हातावर बसायची.

आज परीक्षा घेतली. पाचही ट्रेडरांना दहा प्रश्न. एकदा थ्रीडी चार्टवर, एकदा त्याच आकड्यांच्या साध्या सपाट चार्टवर. हातात स्टॉपवॉच. कुठल्या भावाला ऑर्डरींचा ढीग सगळ्यात मोठा? वीस मिनिटांपूर्वी तो किती होता? दोन ढिगांत मोठा कुठला?

निकाल: पहिल्या प्रश्नाला दोन्हीकडे सारखाच वेळ. आकार चटकन नजरेत भरतो, हा थ्रीडीचा गुण मी वहीत प्रामाणिकपणे लिहिला. बाकी नऊ प्रश्नांत आनंद आहे. लांबचा ढीग लहान दिसतो, म्हणून लहान सांगतात. दोन ढिगांची उंची ताडून बघायला समान पाया नाही, म्हणून अंदाजपंचे. आणि सगळ्यात मोठा दोष, पुढचा डोंगर मागचं झाकतो. ज्याला क्षणात निर्णय घ्यायचाय त्यानं डोंगराआड काय आहे ते मनानं ठरवायचं! सपाट चार्टवर त्यांना निम्मा वेळ लागला आणि चुका एक तृतीयांश.

मी मालकाला म्हटलं, टेबलाला वळसा घालून मागून बघू द्या की लोकांना. तो अभिमानानं म्हणाला, गरजच नाही, तुम्ही जिकडे जाल तिकडे चार्ट वळतो, पुढची कड कायम तुमच्याकडे. मग उभं राहून वरून बघू द्या. तर म्हणे, उभे राहिलात की डोंगरही उंच होतात, नजरेच्या पातळीत राहावेत अशी खास सोय केली आहे.

म्हणजे या डोंगरांची मागची बाजू कुणालाच, कधीच, कुठूनही दिसत नाही. याला सोय म्हणतात. घराला दार नाही म्हणून चोर येत नाही, तशातली.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

या लोकांच्या माना वाकड्या आहेत.

मी गंमत म्हणून लिहीत नाही. दिवसभर डोंगराआड डोकावायची सवय. डावा खांदा खाली, मान डावीकडे झुकलेली. पाचही जण. चष्मा काढला तरी तसेच. कँटीनमध्ये माझ्यासमोर बसलेला ट्रेडर बोलत माझ्याशी होता आणि डोकावत माझ्या खांद्यामागे होता. मी विचारलं, मागे कोणी उभं आहे का? दचकला. नाही म्हणाला. आणि पुन्हा डोकावला.

सफाईच्या बाई खोलीच्या दाराबाहेर स्टुलावर बसतात. त्यांच्याशी माझी मैत्री जमली, दोघींनाही मालक आवडत नाही एवढं पुरलं. त्या टेबलाची पुढची बाजू पुसतात, मागची पुसत नाहीत. का, विचारलं, तर म्हणाल्या, मागे फडकं नेलं की ओढल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, बाई, तुम्ही तरी चष्मा न घालता वेड्यासारखं बोलू नका. त्या म्हणाल्या, तुमच्या आधीचे परीक्षक साहेबही असंच म्हणायचे. खोलीतल्या खुंटीवर त्यांचा राखाडी कोट अजून लटकतोय.

घरी टिचकी भाजी चिरत होती. डावा खांदा खाली. मी मागून जाऊन पाठीला पट्टी लावली. बोट काय, अख्खा तळवा शिरला.

ती हसली. मला हसू आलं नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

आज मी माझ्या पद्धतीनं काम केलं. दुपारच्या पाच तासांचे कच्चे आकडे छापून मागवले. तीनशे ओळी, भावागणिक चौकटी. चार्टच्या खोलीशेजारच्या रिकाम्या केबिनमध्ये त्यांवर ट्रेसिंग पेपर पसरला आणि समोच्च रेषा काढायला बसले. चार वर्षांनी. बोटांना विसर पडलेला नाही.

सगळे डोंगर जागच्या जागी उतरले. फक्त तिसऱ्या रांगेच्या मागे, पुढच्या कडेपासून दोनशे दहाव्या ओळीशी, एक लांबट जागा रिकामी निघाली. शून्य नाही, रिकामी. त्या चौकटींत काही छापलेलंच नाही. थ्रीडीत ती रांगेआड असल्यामुळे कुणाला दिसली नसणार. पाचही जणांना विचारलं, तिथे काय आहे? पाचही जणांनी एकाच सुरात सांगितलं, तिथे काही नाही. एवढं एकमत मी फक्त प्रार्थनेच्या तासाला ऐकलंय.

आमच्या कार्यालयाचा नियम: ज्या कडेची खात्री नाही ती तुटक रेघेनं काढायची. मी तुटक रेघेनं तो खड्डा काढला. शंकास्पद, असं बाजूला लिहिलं.

सोमवार, १० फेब्रुवारी

शुक्रवारच्या ओळी केव्हाच मागच्या कडेवरून गेल्या. आजचे आकडे नवे, डोंगर नवे. खड्डा तोच.

आकार तोच. पण दोनशे दहाव्या ओळीशी नाही, एकशे चाळीसाव्या.

मालकाला दाखवलं. तो म्हणाला, मॅडम, माहिती मध्येच गळली असेल, होतं असं. मी म्हटलं, गळलेली माहिती जुनी होते आणि मागे जाते. तुमच्या टेबलावर सगळं मागे सरकतं. हे एकच पुढे येतंय. त्यानं घड्याळ पाहिलं आणि सांगितलं, तुम्हाला चार्टवर मत द्यायला बोलावलंय, कागदावर रांगोळ्या काढायला नाही.

अडतीस वर्षांत माझ्या रेघेला रांगोळी म्हणणारा हा दुसरा. पहिल्यानं माफी मागितली होती.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

शंभरावी ओळ. खड्डा मोठा झालाय.

आणि मला त्याचा आकार ओळखता आला. मला तो सोमवारीच ओळखायला हवा होता, कारण अडतीस वर्षं मी जग वरूनच पाहत आले. छपरं, झाडांचे शेंडे, विहिरी. मधोमध लहान गोल, त्याच्या दोन्ही बाजूंना लांबट फुगवटा. हा वरून पाहिलेला माणूस आहे. डोकं आणि खांदे. डावा खांदा खाली.

सफाईच्या बाईंना कागद दाखवला. त्यांनी हात लावला नाही. म्हणाल्या, आधीच्या साहेबांचा खांदा असाच उतरला होता शेवटी शेवटी. मी विचारलं, ते गेले कुठे? त्या म्हणाल्या, सगळे म्हणतात काम सोडून गेले. दुपारी जेवून आत गेले ते मी पाहिलं, बाहेर आलेले पाहिले नाहीत, आणि माझं स्टूल तर दारातच असतं. त्यांची बायको दोनदा येऊन गेली. दोन्ही वेळा मालकानं तिला चहा पाजून परत पाठवलं. कोट न्या म्हणाला, तर तिनं नेला नाही. म्हणाली, ते येतील तेव्हा स्वतःच घालून येतील.

मी घाबरले का? हो, घाबरले. वहीत खोटं लिहायचं नाही. पण त्याहून जास्त राग आला. एका बाईला नवऱ्याच्या जागी कोट देतात!

बुधवार, १२ फेब्रुवारी

सत्तरावी ओळ.

आणि मागे, दोनशे नव्वदाव्या ओळीशी, दुसरा खड्डा. लहान. आताच उमटू लागलेला. डोकं, खांदे. डोक्याच्या मधोमध आणखी एक छोटा गोल.

टिचकी केस वर घेऊन माथ्यावर गाठ मारते. रोज सकाळी. पिनांनी.

मी ट्रेसिंग पेपर गुंडाळला आणि सरळ खोलीत गेले. ती पाचव्या खुर्चीत होती, चष्मा लावून, मान एवढी कलती की कान खांद्याला टेकलेला. हाक मारली. दुसऱ्या हाकेला चष्मा काढला. तिच्या डोळ्यांत मी नव्हतेच. ती माझ्या मागे बघत होती.

घरी नेलं. सगळं सांगितलं, कागद पसरून दाखवला. ती ऐकत होती, आणि डोकावत होती. मग म्हणाली, मावशी, तुला चार्ट आवडत नाही म्हणून तू भुतं काढतेस. उपयोगाचा आहे एवढंच लिही. तू सही दिलीस तर नवी शाखा माझ्या हाती येणार आहे, नाही दिलीस तर मी पहिली घरी बसणार आहे. तुझं काय जातं एका सहीत?

माझं काय जातं? अकरा वर्षांपूर्वी दवाखान्याच्या व्हरांड्यात बहिणीनं माझा हात धरला होता, ते जातं.

मी म्हटलं, उद्यापासून तू तिकडे जायचं नाहीस. ती म्हणाली, मी सत्तावीस वर्षांची आहे. बरोबर आहे. मी तिला ताठ बसायला शिकवलं, ऐकायला शिकवायचं राहून गेलं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

ती गेलीच. म्हणून मीही गेले.

पहिला पस्तिसाव्या ओळीशी. दुसरा दोनशेवर. एका दिवसात नव्वद ओळी. ही माझ्या पोरीची घाई, सगळ्याच बाबतीत घाई.

मालक आला. टंकलेला अहवाल पुढ्यात ठेवला, फक्त सही बाकी. ‘अत्यंत उपयुक्त.’ म्हणाला, मॅडम, कशाला ताणता, घरातल्या मुलीचं भलं होतंय. मी विचारलं, उपयुक्त कुणाला? तो म्हणाला, ट्रेडरांना, अर्थात. तेव्हा माझ्या लक्षात आलं. ज्याला आडोसा लागतो त्याच्यासाठी हा चार्ट फार उपयुक्त आहे. पाच माणसं दिवसभर डोळे फाडून बघतायत आणि तरी ते कुणाला दिसत नाही. आता हजारो टेबलं मागवतायत त्याच्यासाठी.

मी टंकलेला कागद उलटा केला आणि पाठकोऱ्या बाजूवर पेन्सिलीचं टोक तपासलं. मालक गेला.

मग चूक सापडली. माझी स्वतःची. पाच दिवस मी खड्डे तुटक रेघेनं काढत होते. शंकास्पद म्हणून. तुटक रेघ म्हणजे काय? रेघ, फट, रेघ, फट. मी त्याला कागदावर पकडलं, आणि दर दोन मिलिमीटरवर दार उघडं ठेवलं!

नियम दुसराही आहे. समोच्च रेषा अर्धवट सोडायची नाही. ती स्वतःलाच येऊन मिळाली पाहिजे. खड्डा असेल तर आतल्या बाजूला बारीक दात काढायचे, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की इथे खोल आहे, इथून वळा.

मला आता शंका नाही. मग तुटक का?

शाईचं पेन घेतलं. आधी टिचकीचा. अखंड रेघ, डावा खांदा, मान, केसांची गाठ, उजवा खांदा, आणि परत. टोकाला टोक मिळवलं. आत दात काढले. तारीख घातली.

शेजारी चार्टच्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. टिचकी दारात उभी. ताठ. मान चोळत होती. म्हणाली, मावशी, मान का अवघडलीय एवढी? आणि माझ्याकडे बघत होती. माझ्या मागे नाही. माझ्याकडे.

मी तिला ओरडले. दुसरं काही सुचलं नाही.

आकडे पुन्हा छापून घेतले. दोनशेवर आता नुसता डोंगर आहे. भरलेला.

पहिल्याचा काढायला घेतला, पण तोवर—

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

काल हात थांबला, कारण पहिला पुढच्या कडेला टेकलाय. शून्य क्रमांकाची ओळ. अर्धी आकृती कागदात, अर्धी कागदाबाहेर.

त्यालाही नियम आहे. रेघ कागदाच्या कडेवरून गेली तर ती शेजारच्या नकाशावर पुरी करायची. कडेला कड जुळवून. शेजारचा नकाशा नसेल तर आधी तो तयार करायचा.

टेबलाच्या कडेच्या शेजारी काय आहे? ही खोली.

म्हणजे खोलीचा नकाशा लागणार. आणि तो घरून अंदाजानं होत नाही. जागेवर बसून, टेप लावून.

टिचकीचा राजीनामा मी लिहिला, सही तिनं केली. पहिल्यांदाच वाद न घालता. मान अजून दुखतेय म्हणाली. शेक घे म्हटलं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

सकाळी अहवाल लिहिला. स्वतःच्या हातानं, मोजून चार ओळी.

‘थ्रीडी चार्ट आकार चटकन दाखवतो. आकडा दाखवत नाही. पुढचं मागचं झाकतं, म्हणून ट्रेडरांच्या उपयोगाचा नाही. सपाट चार्ट वापरावा. सपाट कागदावर आडोसा नसतो.’ खाली सही. झोकदार.

एक प्रत त्या मोठ्या संस्थेकडे टिचकी स्वतः घेऊन गेली. पोच घेऊनच घरी जा म्हटलं. दुसरी मालकाच्या टेबलावर. तो ओरडला, मी बहिरी झाले. वयाचा एवढा तरी फायदा असावा.

चार ट्रेडरांना घरी पाठवलं. मालक म्हणाला, तुम्ही कोण पाठवणाऱ्या? मी म्हटलं, पंधरा दिवसांची माझी नेमणूक आहे आणि परीक्षा चालू आहे. एकजणही थांबला नाही. माना वाकड्या, पण पाय शाबूत.

सफाईच्या बाईंना म्हटलं, स्टूल दारापासून लांब न्या. त्या म्हणाल्या, मी हलणार नाही, या वेळी मला बाहेर आलेलं माणूस बघायचंय.

दुपार, तीन वाजता

खोलीत. चष्मा नाही. मशीन बंद करवलं. टेबल नुसतं काळं.

टेप लावून झाला. लांबी, रुंदी, दार, पाच खुर्च्या, खुंटी. कोट खुंटीवर नाही.

कड जुळवली. अर्धी आकृती टेबलाच्या कागदावर होती, ती आता तिथे नाही. पुढे आली आहे. या कागदावर कुठे, ते शोधायला हवं.

सव्वातीन

सोपं आहे. ते नेहमी पुढच्या गोष्टीच्या मागे असतं. इथे पुढची गोष्ट एकच. मी.

उठून जाता येईल. दार सात पावलांवर. पण मग ते माझ्या मागून येणार. जिन्यावर, रस्त्यावर, घरी. टिचकी दार उघडणार आणि माझ्या मागे—

नाही. इथेच.

मी वळून बघणार नाही. वळलं की तेही वळतं, हा चार्टचा धडा. प्रार्थनेला मागे वळून बघणाऱ्या मुलीला सिस्टर पट्टी द्यायच्या. अख्ख्या वर्गात फक्त मला ती कधीच मिळाली नाही.

बघायचं नाही. काढायचं.

तीन वीस

माझं डोकं. माझे खांदे. ताठ. हे काढलं, अखंड.

मागे एक हातावर त्याचं. उजवा खांदा झाला. राखाडी बाही— कागदावर रंग नसतो, तरी लिहिते.

मान गार पडलीय. ते डोकावतंय. माझ्या डाव्या खांद्यावरून, वहीत. बघ. वाच. अक्षर चांगलं आहे माझं.

तुमची बायको कोट न्यायला येणार नाही म्हणाली. तुम्ही स्वतः घालून यायचं, असं म्हणाली. ऐकलंत का? तुमचीच रेघ पुरी करतेय, हलू नका—

डोकं झालं. डावा खांदा. खाली उतरलेला. दात नंतर.

बोटभर राहिलंय. हात ओढला जातोय, मागे, डावीकडे. ओढ. अडतीस वर्षं हा हात मालकांनी, साहेबांनी—

पाठीला पट्टी लावून बघा. बोट शिरणार नाही.

दोन मिलिमीटर. बाहेर बाई हाक मारतायत. थांबा, बाई. येतेय. आधी टोकाला टोक— रेघ अर्धवट सोडायची न